हवेत तेल नको: ऑइल-फ्री कॉम्प्रेसरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषध, अन्न, रुग्णालय, कापड, रंगकाम अशा क्षेत्रांतले युटिलिटीवाले, खरेदीवाले आणि क्वालिटीवाले जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे पैसे आणि बॅच वाया जातात तिथे जास्त लिहिलं आहे.

साध्या स्क्रू कॉम्प्रेसरच्या हवेत तेल येतं कुठून, आणि किती येतं?

स्क्रू कॉम्प्रेसर दोन मळसूत्री रोटर फिरवून हवा दाबतो. साध्या, म्हणजे ऑइल-इंजेक्टेड स्क्रूमध्ये तेल मुद्दाम हवेतच सोडलेलं असतं. दोन रोटरमधली फट तेच बुजवतं, वंगणही तेच आणि दाबताना निर्माण होणारी उष्णता वाहून नेणारंही तेच. पुढे सेपरेटर टाकीत हवा आणि तेल वेगळं होतं आणि जवळपास सगळं तेल परत एअरएंडकडे, म्हणजे हवा दाबणाऱ्या मुख्य भागाकडे, जातं. 'जवळपास' हा शब्द मात्र महागात पडतो. यंत्र धडधाकट आणि सेपरेटर नवा असतानाही दर घनमीटर हवेमागे साधारण २ ते ५ मिलिग्रॅम तेल पुढे निघून जातं.

आकडा किरकोळ वाटतो, म्हणून हिशेब करून पाहा. मिनिटाला १० घनमीटर, म्हणजे साधारण ३५० सीएफएम (मिनिटाला घनफूट) देणारं यंत्र वर्षाला ८,००० तास चाललं तर ४८ लाख घनमीटर हवा होते. घनमीटरला ३ मिलिग्रॅम धरलं तरी वर्षाकाठी १४ किलोच्या वर तेल तुमच्या लाइनीत उतरतं. सेपरेटर एलिमेंट फाटलं किंवा तेल परत नेणारी बारीक नळी चोंदली, तर काही तासांतच लिटरच्या हिशेबात तेल जाऊ शकतं.

मग ऑइल-फ्री यंत्रात तेल अजिबात नसतं का?

असतं. कोरड्या स्क्रूच्या, म्हणजे ड्राय स्क्रूच्या गिअरबॉक्समध्ये आणि बेअरिंगला तेल लागतंच. फरक एवढाच की ते हवा दाबण्याच्या जागेत शिरत नाही. रोटर एकमेकांना टेकत नाहीत, टायमिंग गिअर त्यांना केसभर अंतरावर फिरवत ठेवतात. बेअरिंगकडचं तेल आणि रोटरकडची हवा यांच्यामध्ये शाफ्टवर सील असतात आणि दोन सीलमधली जागा बाहेरच्या हवेला उघडी ठेवलेली असते. सीलमधून तेल झिरपलंच तर ते तिथून बाहेर पडावं, आत ओढलं जाऊ नये, हा त्यामागचा विचार.

पाहणीला जाल तेव्हा या व्हेंटचं तोंड बघा, आणि गिअरबॉक्सच्या ब्रीदरचंही (आतली हवा बाहेर सोडणारी नळी). ब्रीदरमधून तेलाची बारीक वाफ येत असते. त्याचं तोंड इनटेक, म्हणजे बाहेरची हवा आत घेणाऱ्या, फिल्टरच्या शेजारी असेल, तर यंत्र स्वतःचीच तेलकट वाफ स्वतः ओढतं. चांगल्या यंत्रात ब्रीदरला वेगळा फिल्टर असतो. तो बदलल्याची नोंद लॉगबुकात सापडत नसेल, तर तो कधी बदललाच नाही असं समजायला हरकत नाही.

जाता जाता एक गंमत. स्क्रू कॉम्प्रेसर आधी कोरडाच होता. स्वीडनमध्ये आल्फ लिशोल्म यांनी १९३० च्या दशकात तो घडवला तेव्हा त्यात तेल सोडत नव्हते. तेल सोडण्याची युक्ती १९५० च्या दशकात आली, यंत्र स्वस्त झालं आणि मग तेच 'साधं' ठरलं.

'क्लास झिरो' म्हणजे शून्य तेल ना?

नाही. विक्रेत्याच्या तोंडी हा शब्द आला की बहुतेकांचा समज असाच होतो. आयएसओ ८५७३-१ या मानकात, म्हणजे त्याच्या २०१० च्या आवृत्तीत, हवेचा दर्जा तीन आकड्यांनी सांगतात: पहिला आकडा कणांचा, दुसरा पाण्याचा, तिसरा तेलाचा. तेलात द्रव, तुषार आणि वाफ अशी तिन्ही रूपं मिळून एकूण धरायची असतात. क्लास १ म्हणजे घनमीटरला ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत, क्लास २ म्हणजे ०.१, क्लास ३ म्हणजे १ आणि क्लास ४ म्हणजे ५ मिलिग्रॅमपर्यंत.

क्लास झिरोला मानकात ठरलेला आकडाच नाही. 'क्लास १ पेक्षा कडक, जे वापरणारा किंवा पुरवठादार ठरवेल ते' एवढंच तिथे म्हटलं आहे. म्हणजे आकडा कागदावर लिहिलेला नसेल तर 'क्लास झिरो' या शब्दाला अर्थ उरत नाही. अ‍ॅटलास कॉप्को कंपनीने २००६ मध्ये जर्मनीच्या टीयूव्ही या तपासणी संस्थेकडून आपल्या यंत्रांसाठी असं प्रमाणपत्र घेतलं, त्यानंतर बाजारात सगळ्यांनीच ते घ्यायला सुरुवात केली. प्रमाणपत्र हातात पडलं की तीन गोष्टी वाचा: कोणत्या मॉडेलची चाचणी झाली, वाफ मोजली की फक्त तुषार, आणि कोणत्या तापमानाला मोजलं. प्रमाणपत्र कॉम्प्रेसरच्या तोंडाशी निघणाऱ्या हवेचं असतं. तुमच्या कोटिंग पॅनपाशी (गोळ्यांवर लेप चढवणाऱ्या भांड्यापाशी) येणाऱ्या हवेबद्दल ते काहीच सांगत नाही.

साधा कॉम्प्रेसर घेऊन पुढे चांगले फिल्टर लावले तर तेच साधत नाही का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर असं की कागदावर साधतं, पहिल्या महिन्यात साधतं, नंतरचं मेंटेनन्सवर अवलंबून.

कोअलेसिंग फिल्टर तेलाचे थेंब आणि तुषार पकडतो, वाफ पकडत नाही. डेटाशीटवर ०.०१ मिलिग्रॅम असा आकडा असतो आणि त्याशेजारी बारीक अक्षरात २० किंवा २१ अंश सेल्सिअस. आता मे महिन्यातल्या बुटीबोरीचा किंवा चंद्रपूरचा कॉम्प्रेसर रूम डोळ्यांपुढे आणा. बाहेर ४५ अंश, आत त्याहून जास्त, दाबलेली हवा गार करणारा आफ्टरकूलर धुळीने चोंदलेला. फिल्टरवर येणारी हवा ५५ अंशांची असेल तर तेलाचा बराच भाग वाफेच्या रूपात असतो आणि तो फिल्टरमधून सरळ पार होतो. पुढे लाइन थंड झाली की तीच वाफ पुन्हा थेंब होते.

वाफेसाठी अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन लावतात. खरी फसगत इथे होते. धुळीचा किंवा कोअलेसिंग फिल्टर चोंदला की त्याच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक वाढतो, गेजचा काटा हिरव्यातून लाल पट्ट्यात जातो आणि ऑपरेटरला कळतं. कार्बन भरला की काटा जागचा हलत नाही. कार्बनचे कण तिथेच असतात, हवा तशीच जाते, फक्त त्यांची तेल शोषायची ताकद संपलेली असते. हिरव्या पट्ट्यातला काटा बघून 'फिल्टर ओके' अशी सही होत राहते. लहान कार्बन कार्ट्रिजचं आयुष्य काहीशे ते हजार तासांच्या घरात असतं. चोवीस तास चालणाऱ्या प्लांटमध्ये एक हजार तास म्हणजे जेमतेम सहा आठवडे. ते वर्षातून एकदा, एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या, वेळी बदलतात असं सांगणारे बरेच भेटतात. गरम किंवा ओली हवा आली तर हे आयुष्य आणखी घटतं. म्हणून कार्बन ड्रायरच्या (हवेतलं पाणी काढणाऱ्या यंत्राच्या) पुढे लावायचा, आधी नाही. कार्ट्रिजऐवजी मोठा कार्बन टॉवर लावला तर बराच काळ निभतं, पण तोही तासांवर बदलावा लागतो, काट्यावर नाही.

विजेचाही खर्च आहे. दर १ बार जादा दाबासाठी वीज साधारण ६ ते ७ टक्के जास्त लागते. फिल्टरांच्या रांगेत अर्धा बार गेला, तर वर्षाला ८,००० तास चालणाऱ्या ७५ किलोवॉटच्या यंत्रावर सुमारे २१,००० युनिट जास्त जातात. युनिटला ९ रुपये धरले तर १ लाख ८९ हजार रुपये, दरवर्षी.

तरीही फिल्टरचा मार्ग सरसकट चुकीचा नाही. तेलाचा अंश आला तरी माल परत तपासता येतो, पुसता येतो किंवा खालच्या दर्जाला विकता येतो, अशा ठिकाणी तो परवडतो. बॅच सीलबंद झाल्यावर तपासायला जागाच नाही, तिथे मी फिल्टरच्या भरवशावर राहणार नाही. गरम कॅटॅलिस्टवर तेलाची वाफ जाळून तिचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करणारे कन्व्हर्टरही मिळतात. काम चोख करतात, पण तेही एक जास्तीचं यंत्रच.

औषध कारखान्यात हवा नेमकी कुठे मालाला लागते?

बाहेरच्या माणसाला वाटतं त्यापेक्षा बऱ्याच ठिकाणी. गोळ्यांच्या कोटिंगमध्ये स्प्रे गनला दोन हवा असतात. एक द्रावणाचे तुषार करते, दुसरी फवाऱ्याला पंख्यासारखा आकार देते. दोन्ही थेट गोळीवर आदळतात. त्यात तेल असेल तर फिल्म नीट बसत नाही, गोळीवर डाग येतो. पावडर सुकवणाऱ्या फ्लुइड बेड ड्रायरच्या फिल्टर-पिशव्या झटकायला मारलेला हवेचा झटका खालच्या पावडरीतच पडतो. इंजेक्शनच्या औषधाची बाटली, म्हणजे व्हायल, धुतल्यावर आतलं पाणी उडवायला हवा वापरतात. हीच हवा व्हायलमध्ये औषध भरण्याआधी आतून शेवटची फिरलेली असते.

फर्मेंटेशनचं गणित वेगळंच आहे. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली तेव्हापासून महाराष्ट्राला या कामाची ओळख आहे. जिवाणू-बुरशीला प्राणवायू लागतो, आणि ढोबळ नियम असा की टाकीत जितकं द्रावण तितकीच हवा दर मिनिटाला. ५०,००० लिटरच्या एका फर्मेंटरला मिनिटाला ५० घनमीटर. ही हवा पाणी न धरणाऱ्या मेंब्रेन फिल्टरमधून निर्जंतुक होऊन जाते. त्या मेंब्रेनवर तेलाचा थर बसला की ते पाणी धरू लागतं, ओलं होतं, आणि ओल्या मेंब्रेनमधून परका जंतू आत शिरला तर अख्खी टाकी गटारात. तेल स्वतः औषधात गेलं नाही तरी नुकसान झालंच.

कायद्याने ऑइल-फ्री सक्तीचा आहे का?

औषधाचे नियम बहुतेक ठिकाणी यंत्राचं नाव घेत नाहीत, हवेचा दर्जा मागतात आणि तो कसा राखता ते दाखवा म्हणतात. आपल्याकडे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २८ डिसेंबर २०२३ रोजी औषध कारखान्यांच्या नियमांचं सुधारित शेड्यूल एम अधिसूचित केलं. त्यानंतर छोट्या कारखान्यांतही युटिलिटीच्या कागदपत्रांची झाडाझडती वाढली आहे. युरोपला निर्जंतुक माल पाठवणाऱ्यांना जीएमपीचं (उत्तम उत्पादन पद्धतींच्या नियमांचं) अ‍ॅनेक्स १ लागू होतं. त्याची २०२२ ची सुधारित आवृत्ती २५ ऑगस्ट २०२३ पासून अमलात आली. मालाला किंवा डब्याच्या आतल्या बाजूला लागणारा वायू रसायन, कण आणि जंतू या तिन्ही बाबतींत योग्य हवा, आणि अ‍ॅसेप्टिक (माल निर्जंतुक वातावरणात भरण्याच्या) प्रक्रियेत तो वापराच्या जागी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून जायला हवा, असं ते सांगतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या २००४ च्या मार्गदर्शिकेत दाबलेल्या वायूची शुद्धता योग्य असावी असं म्हणताना 'उदाहरणार्थ, तेलमुक्त' असं स्पष्ट लिहिलं आहे.

त्यामुळे साधा कॉम्प्रेसर आणि फिल्टर ठेवून ऑडिट पास होतं. फक्त प्रत्येक फिल्टरची बदलण्याची मुदत कशावरून ठरवली याचा पुरावा द्यावा लागतो आणि दर ऑडिटला तो प्रश्न नव्याने निघतो.

अन्नपदार्थांच्या कारखान्यात 'फूड ग्रेड' तेल घातलं की झालं, नाही का?

फूड ग्रेड, म्हणजे एच१ नोंदणीचं वंगण, हे अपघाताने अन्नाला लागलं तर चालेल अशा हेतूचं असतं. अमेरिकी नियमात अशा वंगणातलं खनिज तेल अन्नात किलोला १० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये अशी मर्यादा आहे. कॉम्प्रेसरमधून येणारं तेल मात्र अपघाताने येत नाही, रोज येतं. शिवाय गरम होऊन, ऑक्सिजन खाऊन त्याची रचना बदलते, वास येतो. हा वास दूध पावडर, चहा, बिस्किटं लगेच धरतात. एच१ तेल हा दुसरा बचाव म्हणून चांगला, पहिला म्हणून नाही.

ब्रिटिश कॉम्प्रेस्ड एअर सोसायटीची मार्गदर्शिका अन्नाशी थेट संपर्क असलेल्या हवेला २:२:१ सुचवते, म्हणजे कण क्लास २, पाणी क्लास २, तेल क्लास १. निर्यातीचे खरेदीदार बहुधा हेच विचारतात.

पाण्याच्या आणि सरबताच्या पेट बाटल्या फुगवायला २५ ते ४० बारची हवा लागते आणि ती बाटलीच्या आतून लागते. तिथे पिढ्यान्‌पिढ्या ऑइल-फ्री पिस्टनच वापरात आहेत. वेफर-फरसाणच्या पाकिटातला नायट्रोजन जागेवरच तयार करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. तेल गेल्यावर पीएसए, म्हणजे दाब बदलून हवेतले वायू वेगळे करणाऱ्या, टॉवरमधलं कार्बन मॉलेक्युलर सीव्ह धुऊन पुन्हा वापरता येत नाही. ते बदलावं लागतं आणि नायट्रोजन प्लांटच्या किमतीतला मोठा हिस्सा तेच असतं.

रुग्णालयात आणि दवाखान्यात?

इथे वादच नको. ही हवा व्हेंटिलेटरमधून माणसाच्या फुप्फुसात जाते. युरोपीय फार्माकोपियात वैद्यकीय हवेसाठी तेलाची मर्यादा घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, कार्बन मोनॉक्साइडची ५ पीपीएम. दुसऱ्या आकड्याकडे दुर्लक्ष होतं. रुग्णालयाचा जनरेटर आणि कॉम्प्रेसरचं इनटेक एकाच मागच्या बोळात असतं. वीज गेली की जनरेटरचा धूर कॉम्प्रेसर ओढतो. यंत्र ऑइल-फ्री असून याला उपाय नाही, इनटेकची नळी गच्चीवर, धुरापासून दूर न्यावी लागते.

२०२१ मध्ये जिल्हा-तालुका रुग्णालयांत ऑक्सिजनचे पीएसए प्लांट बसले. त्यांच्या पोटातही कॉम्प्रेसरच आहे. तिथे नायट्रोजन शोषणाऱ्या झिओलाइटच्या दाण्यांना तेल आणि पाणी दोन्ही सोसत नाही, ऑक्सिजनची शुद्धता ९३ टक्क्यांवरून घसरू लागते. आणि दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले तर आग लागते, हे वेगळं सांगायला नको.

दातांच्या दवाखान्याला एक-दोन अश्वशक्तीचा ऑइल-फ्री पिस्टन पुरतो. फक्त टाकीखालचा ड्रेन रोज उघडायचा.

कापड आणि रंगकामातही गरज असते का?

इचलकरंजीच्या एअरजेट लूमवर बाण्याचा धागा हवेच्या झोताने फेकला जातो. तेलाचा थेंब आला की कापडावर डाग, फणीत धूळ आणि तेलाचा चिकटा. ग्रे, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या, कापडाला फिल्टरवर भागतं, निर्यातीच्या पांढऱ्या मालाला नाही. असं माझं मत, मतभेद असणारे विणकर पुष्कळ आहेत.

चाकणच्या पट्ट्यातल्या पेंट शॉपमध्ये तेलामुळे रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. पण तिथला मोठा शत्रू सिलिकॉन. तो रबरी होज, सील, फिटिंगच्या वंगणातून, अगदी हाताला लावलेल्या क्रीममधूनही येतो. कॉम्प्रेसर बदलूनही खड्डे जात नसतील तर होज आणि कपलिंग तपासा.

ऑइल-फ्रीमध्ये प्रकार किती, आणि आम्ही कुठला घ्यावा?

बहुतेक मध्यम प्लांटला दोन टप्प्यांचा ड्राय स्क्रू लागतो. तेल नसल्यामुळे एका टप्प्यात फार दाब घेता येत नाही, साधारण साडेतीन बारच्या पुढे उष्णता आवरत नाही. टप्प्याच्या तोंडाशी १८० ते २०० अंश तापमान असतं, म्हणून मध्ये इंटरकूलर. रोटरवर टेफ्लॉनसारखा लेप असतो. तो झिजला की फट वाढते, तीच हवा द्यायला वीज जास्त लागते.

वॉटर-इंजेक्टेडमध्ये तेलाचं काम पाणी करतं. तापमान ६० अंशांच्या आत राहतं, वीज वाचते. पण पाणी आरओचं हवं आणि त्यात जंतू वाढू नयेत याची काळजी हवी. निर्जंतुक विभागात क्वालिटीवाले यावर हमखास बोट ठेवतात. लहान कामाला, म्हणजे प्रयोगशाळा, दवाखाना, छोटं पॅकिंग, स्क्रोल, म्हणजे दोन सर्पिल पट्ट्यांमध्ये हवा दाबणारा प्रकार, शांत आणि सोयीचा. खूप मोठ्या आणि सतत सारख्या मागणीला, साधारण २०० किलोवॉटच्या पुढे, सेंट्रिफ्युगल, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चाकाने हवा दाबणारा. मागणी वरखाली होत असेल तर मात्र तो हवा बाहेर सोडून देत बसतो आणि बिल तेवढंच येतं.

हवा तेलमुक्त झाली, तरी ड्रायर लागतोच का?

लागतो. तेलाचा आणि पाण्याचा काही संबंध नाही. जुलैतला लोटे-परशुराम किंवा रोह्याचा दिवस घ्या: ३० अंश, ९० टक्के आर्द्रता. मिनिटाला १० घनमीटरचं यंत्र तासाला १६ लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात आत ओढतं. ७ बारला दाबून आफ्टरकूलरने ४० अंशांवर आणलं की त्यातलं १२ लिटर ड्रेनमधून पडतं, उरलेलं ४ लिटर ड्रायरकडे जातं. ऑटो ड्रेन अडकला तर काय होईल ते यावरून समजा.

रेफ्रिजरेशन ड्रायर दाबाखालचा दवबिंदू ३ अंशांपर्यंत आणतो, म्हणजे क्लास ४. क्लास २ साठी उणे ४० अंश लागतात आणि तिथे डेसिकंट, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांचा, ड्रायर हवा. साधा हीटलेस डेसिकंट स्वतःला सुकवायला १५ टक्क्यांच्या आसपास हवा खाऊन टाकतो. ऑइल-फ्री यंत्राचा एक मोठा फायदा फारसं कोणी मोजत नाही, तो इथे आहे. शेवटच्या टप्प्यातून निघणारी गरम हवाच डेसिकंट सुकवायला वापरता येते. हे हीट-ऑफ-कॉम्प्रेशन ड्रायर तेलकट हवेवर चालत नाहीत, कारण तेल डेसिकंटचे दाणे लेपून टाकतं.

ड्रेनमधून पडणाऱ्या पाण्याचाही फरक पडतो. साध्या यंत्राचं पाणी तेलमिश्रित असतं. त्यातून वेगळं काढलेलं तेल आणि यंत्रातून बदललेलं जुनं तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतं, प्रदूषण मंडळाच्या कागदांत दाखवावं लागतं. ऑइल-फ्रीला ही कटकट कमी. पण त्याचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं आणि लोखंडाला खातं. म्हणून पुढे जीआय पाइप नको, स्टेनलेस किंवा अ‍ॅल्युमिनियम हवा.

आमचा प्लांट केमिकल झोनमध्ये आहे. बाहेरचीच हवा खराब असेल तर?

तर ऑइल-फ्री यंत्र ती खराब हवा इमानेइतबारे दाबून तुम्हाला देईल. सॉल्व्हंटची वाफ, वाहनांचा धूर, शेजारच्या बॉयलरचा गंधक, यातलं काहीही ड्राय स्क्रू अडवत नाही. हायड्रोकार्बनची वाफ आयएसओच्या मोजणीत 'तेल' म्हणूनच धरली जाऊ शकते. म्हणून तारापूर, पाताळगंगा, महाडसारख्या ठिकाणी ऑइल-फ्री यंत्राच्या पुढेही कार्बन टॉवर ठेवतात आणि इनटेक वाऱ्याची दिशा बघून ठरवतात. गंधकाच्या हवेत इंटरकूलरच्या तांब्याच्या नळ्याही लवकर जातात.

जुन्या लाइनीला नवा ऑइल-फ्री जोडला तर चालेल का?

जोडता येईल, पण पहिल्या रिपोर्टवर तेल दिसलं तर नव्या यंत्राला दोष देऊ नका. वर्षानुवर्षं तेलकट हवा गेलेल्या पाइपच्या आतल्या भिंतीवर, रिसीव्हरच्या (हवेच्या टाकीच्या) तळाशी, प्रत्येक डेड लेगमध्ये (हवा न फिरणाऱ्या फाट्यात) तेलाचा थर बसलेला असतो आणि तो महिनोन्‌महिने थोडा थोडा सुटत राहतो. रिसीव्हर आणि ड्रायर बदला, जमलं तर हेडर, म्हणजे मुख्य पाइपही. नाही जमलं तर धुऊन घ्या आणि वापराच्या जागी काही काळ कार्बन ठेवा.

यंत्र बंद पडलं तर दोन दिवस भाड्याचा साधा कॉम्प्रेसर लावला तर?

हा प्रश्न बहुधा रात्री अकरा वाजता फोनवर येतो, उत्पादनवाले डोक्यावर बसलेले असतात. उत्तर नाही असंच आहे. डिझेलवरचा पोर्टेबल कॉम्प्रेसर रस्ता फोडायला आणि साइटवर उत्तम, पण तो दोन दिवस जोडला की मघाशी सांगितलेला तेलाचा थर नव्या लाइनीत बसतो, आणि मग कुठल्या तासापासून कुठल्या तासापर्यंतच्या बॅच संशयित हे ठरवत बसावं लागतं. ऑइल-फ्री यंत्रं भाड्यानेही मिळतात. पुण्या-मुंबईच्या पट्ट्यात ती लवकर येतात, इतरत्र दिवस लागतो. भाडेकरार ब्रेकडाऊनच्या रात्री करायचा नसतो, आधी करून ठेवायचा. लाइनीवर बाहेरचं यंत्र जोडायला व्हॉल्व्हसह एक तोंड काढून ठेवलं की वेल्डरही शोधावा लागत नाही. ज्यांना परवडतं ते एकाऐवजी निम्म्या क्षमतेची तीन यंत्रं घेतात, दोन चालू आणि एक तयार.

हवेतलं तेल तपासायचं कसं? पांढरा फडका धरला तर?

फडक्यावर डाग दिसला तर हवा खराब, हे खरं. डाग दिसला नाही तर हवा चांगली, हे खोटं. घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम तेल फडक्यावर दिसत नाही. डिटेक्टर ट्यूबने झटपट अंदाज येतो, रोजच्या देखरेखीला ठीक. प्रमाणित मोजणीसाठी आयएसओ ८५७३ चाच भाग २ तुषारांसाठी आणि भाग ५ वाफेसाठी आहे. तुषार मेंब्रेनवर गोळा करतात, वाफ शोषक नळीत, आणि मग प्रयोगशाळेत काढतात. नमुना घेणाऱ्याला भाग २ आणि भाग ५ दोन्ही करणार का असं विचारा. फक्त एक केलं तर 'एकूण तेल' असा आकडा लिहिता येत नाही.

नमुना कॉम्प्रेसर रूममध्ये नव्हे, वापराच्या जागी घ्या, आणि वर्षातून एकदा तरी मे महिन्यात घ्या. जानेवारीतल्या सकाळी घेतलेला रिपोर्ट सगळ्यांचाच छान येतो.

किंमत किती जास्त, आणि देखभाल?

त्याच क्षमतेच्या साध्या स्क्रूच्या साधारण दुप्पट धरून चाला. पण कॉम्प्रेसरच्या आयुष्यभराच्या खर्चात सत्तर-ऐंशी टक्के वीजच असते, त्यामुळे तुलना किमतीची न करता फिल्टर-ड्रायरसह प्रति घनमीटर किती युनिट याची करा. फिल्टरांची रांग, कार्बन आणि सेपरेटरचा खर्च साध्याच्या बाजूला मांडा. एअरएंड बदलण्याचा खर्च ऑइल-फ्रीच्या बाजूला मांडा, तो मोठा असतो आणि तो विक्रेता आपणहून सांगत नाही.

देखभालीत इंटरकूलर सगळ्यात वरचा. बोअरचं जड पाणी कूलिंगला वापरलं की आत क्षार बसतात, दुसऱ्या टप्प्याला गरम हवा जाते, लेप लवकर झिजतो. दोन टप्प्यांची तापमानं आणि मधला दाब रोज लिहा. मधला दाब हळूहळू चढत असेल तर दुसऱ्या टप्प्यात काहीतरी होतंय, उतरत असेल तर पहिल्यात किंवा इनटेक फिल्टरमध्ये.

पर्चेस ऑर्डरमध्ये काय लिहून घ्यावं?

'ऑइल-फ्री, क्लास झिरो' एवढं पुरत नाही. एकूण तेल किती मिलिग्रॅम, कोणत्या पद्धतीने मोजून, कोणत्या तापमानाला, हे आकड्यात. तुमच्या गावच्या मे महिन्यातल्या तापमानाला हवेचा प्रवाह आणि वीज किती. एअरएंडची किंमत आज किती आणि पाच वर्षं ती कोणत्या सूत्राने वाढेल. ड्रायरच्या पुढचा दवबिंदू पावसाळ्यात मोजून दाखवायचा. आणि शेवटचे दहा टक्के पैसे वापराच्या जागी घेतलेला नमुना पास झाल्यावर. या शेवटच्या अटीवर विक्रेता घासाघीस करतो, तेव्हा लाइन जुनी ठेवायची की नवी टाकायची यावरही त्याच बैठकीत बोलून घ्यावं.